बाटलीतली मोहरी

हिरडाटोल्याच्या मारुतीसमोर त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. बाया एका बाजूला, बाप्ये दुसऱ्या बाजूला, आणि मधोमध चौरंगावर चिनी मातीचे पांढरे कटोरे मांडून चुन्नीलाल महाराज बसलेले. कटोऱ्यांत निळंशार पाणी. एवढं निळं पाणी गोरेगाव तालुक्यात कुणी आजवर पाहिलं नव्हतं, म्हणून अर्धं गाव नुसतं त्या पाण्याकडेच बघत होतं.

"ये नीलकंठ का पानी है, भाइयो!" महाराज गरजले. "भोलेनाथ ने जहर पिया, गला नीला हुआ. उसी गले का पानी! ये झूठ नहीं बोलता. पापी का कपडा इसमें डालो, पानी खून के आंसू रोएगा!"

शंकराच्या गळ्यातलं पाणी या माणसाच्या पत्र्याच्या पेटीत कसं आलं, हे कुणी विचारलं नाही. विचारणार कोण? साऱ्या टोल्याने मोहरीचा धसका घेतला होता.

झालं असं, की २००७ सालच्या त्या हिवाळ्यात धान निघाल्यावर लोकांनी बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वावरांत, हरभरा पेरला. हरभरा उगवला, वीतभर झाला, आणि पटापट माना टाकायला लागला. रोप उपटून बघावं तर बुडाशी पांढरं जाळं, आणि त्या जाळ्यात मोहरीचे दाणे. तांबूस, गोल, हुबेहूब. आता या मुलखात मंतरलेली मोहरी दुसऱ्याच्या वावरात फेकली की करणी झाली, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पहिले दाणे सापडले ते हुकुमचंद पटल्यांना. गावातले मोठे पोवार शेतकरी, पंचायतीचे मेंबर, चार लोकांत शब्दाला मान. तेच मूठभर दाणे घेऊन चावडीवर आले आणि म्हणाले, "पाहा गा! कोनं तरी मोहरी मारली." झालं! मग ज्याच्या त्याच्या बांधीत मोहरी सापडायला लागली आणि बालाघाटकडून महाराजांना बोलावणं गेलं.

हुकुमचंदांची मुलगी योगेश्वरी बायांच्या गर्दीत उभी होती. गोंदियाला कनिष्ठ महाविद्यालयात ती जीवशास्त्र शिकवायची, सुट्टीला म्हणून घरी आली होती. तिला हसावं की चिडावं कळत नव्हतं. निळं पाणी तिने ओळखलं होतं. गोकर्णाची फुलं कोमट पाण्यात टाकून असंच पाणी ती दरवर्षी मुलांसमोर करायची. त्यात लिंबू पिळलं की ते लाल होतं, आणि मुलं टाळ्या वाजवतात. पण इथं कोण लिंबू पिळणार आहे?

"जो औरत मुंह अंधेरे खेत में जाती है, वो अपना कपडा लाए," महाराजांनी फर्मावलं.

तीनचार बाया भीत भीत पुढे आल्या. कुणी टॉवेल दिला, कुणी टोपलीवरचं फडकं. महाराज एकेक कपडा उचलायचे, डोळे पांढरे करायचे, "ह्रीं क्लीं" असं काहीबाही पुटपुटायचे आणि कपड्याचं टोक कटोऱ्यात बुडवायचे. पाणी निळंच. त्या बाया सुटल्यासारख्या मागे पळायच्या.

मग धुरपताबाई आली. गावाच्या टोकाला एकटी राहणारी विधवा, साठीच्या पुढची. हरभऱ्याच्या दिवसांत ती पहाटे दुसऱ्यांच्या बांध्यांमधून फिरायची आणि जुन्या धोतराचा तुकडा रोपांवर पसरून ठेवायची. रोपांवरचं आंबट दव त्या कपड्यात भिनलं की ती ते वाडग्यात पिळायची. त्याला म्हणतात आंब. पोट दुखलं, अजीर्ण झालं की दोन थेंब पाण्यात घालून घ्यायचे. टोल्यातल्या निम्म्या लेकरांची पोटं त्या आंबेवर पोसली होती, योगेश्वरीचंही त्यातलंच.

महाराजांनी तिचा कपडा कटोऱ्यात बुडवला. पाणी जांभळं झालं, मग लाल.

"रगत! रगत!" गर्दी ओरडली. कुणीतरी पोर छातीशी कवटाळलं. धुरपताबाई त्या कटोऱ्याकडे बघत उभी राहिली, जणू ते आपल्याच अंगातून सांडलंय.

"टोनही!" महाराज उठून उभे राहिले. "यही है तुम्हारे खेत खानेवाली डायन!"

योगेश्वरीच्या तोंडाला त्या क्षणी जुन्या आंबेची चव आली, आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे, कपडाच आंबट आहे! ती गर्दीतून ओरडली, "अहो, तो आंबेचा कपडा आहे! आंबट लागलं की हे पाणी लाल होणारच. लिंबू पिळा, तरी होईल!"

"बिटिया पढीलिखी है," महाराज गोड हसले. "अच्छा बताओ, नींबूसे पानी लाल होता है. तो खेत में राई किसने डाली? वो भी नींबूने?"

लोक खो खो हसले. तो प्रश्न मात्र खरा होता.

"योगे, चुप बस," हुकुमचंद सगळ्यांसमोर म्हणाले. "बाप उभा आहे इथी."

निकाल लागला. तीन आठवड्यांनी अवस होती; त्या सकाळी महाराज मंत्राने शिवार बांधून देणार. त्याआधी टोनहीनं गाव सोडायचं, नाही सोडलं तर गाव तिला काढेल. पोलीस पाटील उदाराम पुढे येऊन हळूच म्हणाला, "बाई, तूच जाय ना कुठी. कायले तमाशा?" जादूटोण्याविरुद्धचा कायदा तेव्हा झाला नव्हता. पण कायदा नाही म्हणून अक्कलही नसावी, असं कुठं लिहिलंय?

घरी आल्यावर बाप-लेकीची जुंपली.

"बाबूजी, तुम्ही तिला लहानपणापासून ओळखता. ती करणी करेल?"

"मी काई मनलो का? पानी बोललं. अना मोहरी मी या डोयानं पायलो. जमिनीत आपोआप मोहरी येते का? तुया कालेजात येत असंन!"

योगेश्वरीने बांधीतून आणलेलं रोप हातात घेतलं. एक दाणा नखाने फोडला. मोहरी आतून पिवळी असते, फोडली की तेल सुटतं. हा आतून पांढराफटक, कोरडा. ही मोहरी नव्हतीच, त्या पांढऱ्या जाळ्यातच धरलेलं काहीतरी होतं.

"येते," ती म्हणाली. "कॉलेजात येते. तुमच्यासमोर आणून दाखवली तर?"

"आन. मी काय नाई मनतो?"

ती त्याच दुपारच्या गाडीने गोंदियाला गेली. प्रयोगशाळेत तिने रोपाच्या बुडाचं ते पांढरं जाळं सुईच्या टोकावर उचलून काचेच्या बशीत वाढवलं. तिचे पूर्वीचे सर आले, सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि म्हणाले, "स्क्लेरोशियम आहे. रोपांची बुडं कुजवणारी बुरशी. ही आधी आम्ल सोडते, ऑक्झॅलिक आम्ल. त्याने सालीची बांधणी सैल होते, मग आत शिरते. आणि पोटापाण्याची सोय संपत आली, की बीजासारख्या गोळ्या करून जमिनीत झोपून राहते. तुमच्या गावाची मोहरी म्हणजे त्या गोळ्या."

"सर, आम्ल बाटलीत मोजण्याइतकं होतं?"

"बटाट्याच्या पाण्यात साखर घालून वाढवा, बघा. लिटमसची गरज पडणार नाही, गोकर्णाचं पाणीच लाल होईल."

तिने दोन बाटल्या केल्या. दोन्हींत बटाटे उकळून गाळलेलं पाणी आणि साखर, दोन्ही प्रेशर कुकरमध्ये शिजवून निर्जंतुक केलेल्या, दोन्हींच्या तोंडाला कापसाचा घट्ट बोळा. एकीत बुरशीचा केसभर धागा सोडला. दुसरी तशीच कोरी ठेवली. मग बसच्या गर्दीत दोन्ही पोटाशी धरून गावी आणल्या.

"हे काय आनलीस?" हुकुमचंदांनी विचारलं.

"एकीत तुमच्या बांधीतलं जाळं आहे, दाणा एकही नाही. नीट बघून घ्या. दुसरीत नुसतं पाणी. या गावात ठेवायच्या आहेत, पण माझ्याजवळ नको. उद्या म्हणतील, पोरीनं रात्री मोहरी टाकली."

हुकुमचंदांनी बाटल्या उजेडात धरून खूप वेळ बघितल्या. दाणा नव्हता. मग त्यांनी स्वतःच जागा ठरवली. "देवघरात ठेवतो. किल्ली माया कमरेले राहते. करणी असंन तं देवासमोर जळून जाईल. नसंन तं पाहू." आई रुक्मा दारात उभी राहून म्हणाली, "देवाजवळ बुरशी ठेवता का, बापा!" पण त्यांनी ऐकलं नाही.

इकडे गावाने आपलं काम सुरू केलं. बोअरिंगवर धुरपताबाईची घागर कुणी भरू देईना. दुकानदार तिला मीठ द्यायला नाही म्हणाला. कुणीतरी तिच्या कौलांवर दगड मारले. ज्या बायांनी परवापर्यंत तिच्या दारात बसून लेकरांना आंब पाजली, त्याच तिच्या सावलीपासून पदर सावरू लागल्या. एक दिवस तिने दाराला कडी घातली आणि बोचकं घेऊन निघाली. दरेकशाला तिचा भाऊ होता. तिला जाताना कुणी हटकलं नाही, आणि कुणी पोचवायलाही गेलं नाही. बाटल्या ठेवून योगेश्वरी कॉलेजला परतली होती; अवसेच्या आदल्या दिवशी ती गावात आली तेव्हा कडी लागलेली होती. ती त्या दारासमोर उभी राहून रडली. आता प्रयोग जिंकला काय नि हरला काय, असं तिला वाटून गेलं.

अवसेच्या सकाळी पटांगण पुन्हा भरलं. महाराज पूजेच्या सामानासकट हजर. तेच कटोरे, तेच निळं पाणी.

योगेश्वरी दोन बाटल्या घेऊन पुढे आली. एकीत पाणी जसंच्या तसं होतं. दुसरीत पांढरी साय धरली होती आणि त्या सायीवर गोल, तांबूस दाणे. लोक मान उंचावून बघायला लागले.

"मोहरी आहे ना?" तिने विचारलं.

"मोहरीच होय!" उदाराम म्हणाला.

"महाराज, पाणी तुमचंच वापरते." तिने कोऱ्या बाटलीतलं थोडं पाणी एका कटोऱ्यात ओतलं. निळं ते निळंच राहिलं. मग दुसऱ्या बाटलीचा बोळा काढला आणि त्यातलं पाणी दुसऱ्या कटोऱ्यात सोडलं. जांभळं झालं, मग लाल.

"देखा!" महाराज टुणकन उठले. "इस बोतल में भी टोनही बैठी है!"

"असं? मग विचारा ना, बाटली कोणाच्या घरी होती ते."

योगेश्वरी बापाकडे बघत होती. हुकुमचंद खांबाला टेकून उभे होते, चेहरा घामेजलेला. हो म्हणावं तर आपलंच घर करणीचं ठरतं. नाही म्हणावं तर पोटची पोर खोटी पडते आणि ती म्हातारी कायमची टोनही. त्यांनी घसा खाकरला. योगेश्वरीला वाटलं, हे आता मागच्या मागे निघून जातील.

"बाटली माया देवघरात होती," ते म्हणाले. "किल्ली मायाजवळ. ठेवली तवा त्यात दाना नोता. मोहरी माया डोयासमोर आली, माया देवासमोर. मंतर कोनंच मारला नाई."

महाराज मुरलेले होते, एवढ्याने थोडेच हटणार? बोट रोखून ते म्हणाले, "तो डायन तुम्हारे ही घर में है! घर की औरत कौन है?"

आणि काय सांगावं! सगळ्या गर्दीच्या माना एकाच वेळी रुक्माकडे वळल्या. कालपर्यंत जिला वाकून नमस्कार करत होते, तिच्या आजूबाजूच्या बाया दोन पावलं सरकल्या. रुक्माने पदर तोंडात धरला. हुकुमचंदांनी हे बघितलं. आपण मूठभर दाणे घेऊन चावडीवर गेलो तेव्हा काय केलं, ते त्या माणसाला त्या घडीला उमगलं. ते बायकोसमोर जाऊन उभे राहिले आणि ओरडले, "खबरदार!"

योगेश्वरीनं वेळ घालवला नाही. बापाच्या खांद्यावरचा धुतलेला गमछा ओढला, त्याचं एक टोक कटोऱ्यात बुडवून दाखवलं. निळंच. पटांगणाला लागूनच उदारामची हरभऱ्याची बांधी होती, रोपांवर दव अजून होतं. तिने गमछ्याचं दुसरं टोक धावत जाऊन रोपांवरून फिरवलं, चांगलं भिजवलं, आणि परत येऊन त्याच निळ्या कटोऱ्यात पिळलं. लाल!

"आता बाबूजी टोनही का? या, ज्याला पाहिजे त्याने फडकं घेऊन या. उदारामकाका, तुमची बांधी, तुम्हीच भिजवा!"

उदारामने भिजवलं. लाल. एका तरुणाने आपला रुमाल भिजवला. लाल. मग एकच धांदल उडाली. ज्याला त्याला आपलं फडकं लाल करून बघायचं होतं. ज्या बायांचे कपडे आधी निळे राहिले होते त्या आपसांत म्हणाल्या, "आमी तं हरभऱ्यात गेलोच नोतो व, भाजीच्या वाडीत जाऊन राहिलो होतो."

"महाराज," योगेश्वरी म्हणाली, "तुम्हीही सकाळी शिवाराची फेरी मारून बांधाच्या धुऱ्यावरून हरभरा तुडवतच आलात. लुंगीचा काठ ओला आहे. बुडवा की."

महाराजांनी काठ वर उचलून धरला. म्हणाले, "साधू का वस्त्र परीक्षा के लिए नहीं होता." परीक्षा फक्त गरीब म्हातारीच्या कपड्याची! हशा पिकला, आणि तो थांबायच्या आत महाराजांची मोटरसायकल धुरळा उडवत गोरेगावच्या रस्त्याला लागली. पेटी चौरंगाखालीच राहिली. उघडली तर आत वाळलेल्या गोकर्णाच्या फुलांची पिशवी. नीलकंठ बिचारे कुठेच नव्हते.

मग योगेश्वरीने सगळं सांगितलं. हरभऱ्याचं पानच आंबट घाम सोडतं, म्हणून आंब लागते. ही बुरशीही आंबट पाणी सोडते, पण तिला झाड खायचं असतं. ती गेली कित्येक वर्षं आपल्याच मातीत आहे. यंदा पाणी उशिरापर्यंत राहिलं, लोकांनी धानाची धसकटं तशीच चिखलात ठेवून घाईने हरभरा पेरला. कुजक्या धसकटावर बुरशी पोसली आणि तिथून रोपांवर चढली. धसकट नांगरून कुजवा, ओल ओसरल्यावर पेरा, बियाणं औषध लावून पेरा. मंतरलेलं लिंबू पुरून ती मरणार नाही. लोकांनी माना डोलावल्या. माना डोलवायला काय लागतं?

दुसऱ्या दिवशी बाप-लेक आगगाडीने दरेकशाला गेले. धुरपताबाई भावाच्या अंगणात मोहाच्या पानांच्या पत्रावळी लावत बसली होती. हुकुमचंद तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि हात जोडले. "चाल बाई. खोटं होतं सारं. बाटलीत मोहरी आली, आमी पायलो. आता तुले कोन काई मनत नाई."

धुरपताबाईने हातातलं पान खाली ठेवलं. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे तो ऐकवत नव्हता.

"अना दादा, बाटलीत मोहरी नसती आली तं?"

हुकुमचंदांनी जोडलेले हात खाली घेतले.

"तुयी पोरगी शिकली नसती तं? मी टोनही असती का? तुमी मले पाहूनच होते ना गा, लहानपनापासून. बाटलीले विचारलं, मले कोनं नाई विचारलं."

योगेश्वरी मान खाली घालून उभी राहिली. आपण जिंकून आलो असं तिला सकाळी गाडीत वाटत होतं. हे वाटणं किती पोकळ होतं, ते तिला आता दिसलं. बुरशी सापडली नसती, तरी ही बाई निर्दोषच होती. करणी होते हे सिद्ध करायचं काम महाराजांचं होतं. नाही होत, हे सिद्ध करायचं काम हिचं कधीच नव्हतं.

"मावशी," ती म्हणाली, "तू परत नको येऊस वाटलं तर. पण हे गावात मी सांगेन. तू म्हणालीस तसंच."

धुरपताबाई आली नाही. हिरडाटोल्यातल्या तिच्या दाराची कडी आजही तशीच आहे.

तेव्हा वाचकहो, एवढंच सांगणं आहे. पीक मेलं, ढोर मेलं, लेकरू आजारी पडलं, तर कारण शोधा, कृषी खात्यात जा, दवाखान्यात जा. कारण सापडेल. आज नाही तर उद्या. कधी नाहीही सापडणार, विज्ञानालाही सगळंच ठाऊक नसतं. पण कारण सापडत नाही म्हणून शेजारची म्हातारी कारण होत नाही. कुणी तिच्याकडे बोट दाखवलं तर त्याला तिथल्या तिथं विचारा, "पुरावा काय?" आणि हे विचारायला कुठल्या कॉलेजातली पोरगी बाटली घेऊन येईपर्यंत थांबू नका. ती येते तोवर म्हातारी गाव सोडून गेलेली असते.